बॅटरी ४० टक्के असताना लॅपटॉप झटक्यात बंद पडतो

तुमची तक्रार थोडक्यात अशी : पाच वर्षांचा लॅपटॉप, ४० टक्के बॅटरी दिसत असताना दिवा विझावा तसा बंद पडतो. पावसाळ्यात चार्जर लावलेला असतानाही कधीकधी जातो. विंडोज नव्याने टाकून फरक पडला नाही आणि फोंड्यातल्या दुकानदाराने मदरबोर्ड बदलायला सांगितलं. एवढ्यावरून मदरबोर्डचे पैसे देऊ नका. यात दोन वेगळे दोष एकत्र आलेले असू शकतात.

आधी बॅटरी. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे विंडोजला टाइप करून आदेश देण्याच्या खिडकीत, (अर्थात इंग्रजी अक्षरांत) पॉवरसीएफजी, मग एक स्पेस आणि स्लॅश बॅटरीरिपोर्ट (powercfg /batteryreport) असं टाका. कमांड प्रॉम्प्ट ज्या फोल्डरमध्ये उघडलाय तिथे अहवालाची फाइल तयार होते. त्यातले डिझाइन कपॅसिटी (नवी असतानाची क्षमता) आणि फुल चार्ज कपॅसिटी (आता पूर्ण चार्ज केल्यावरची क्षमता) हे आकडे ताडून बघा. दुसरा पहिल्याच्या ६० टक्क्यांखाली गेला असेल तर माझ्या मते बॅटरी संपली. मात्र आकडा बरा दिसला म्हणून ती निर्दोष ठरत नाही. जुन्या सेलचा अंतर्गत रोध वाढतो. व्हिडिओ किंवा जड काम सुरू झालं, प्रोसेसरने एकदम करंट ओढला, की व्होल्टेज कोसळतं आणि बॅटरीतलं संरक्षक सर्किट पुरवठा तोडतं. पडद्यावरचे ४० टक्के हा फक्त अंदाज असतो. म्हणून चार्जर काढून लॅपटॉप बायोसच्या पानावर (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगच्या पानावर) तासभर ठेवा. तिथे टिकला आणि विंडोजमध्ये जड कामाला लगेच गेला, तर संशय बॅटरीवर पक्का होतो. बायोसमध्येही गेला तर विंडोजचा दोष नाही, हे तरी ठरतं.

इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत सिस्टम लॉगला कर्नल-पॉवर ४१ दिसेल. ही नोंद कारण सांगत नाही, मागच्या वेळी मशीन रीतसर बंद झालं नव्हतं एवढंच सांगते. तिच्या तपशिलात बगचेककोड बघा : शून्य असेल तर बहुधा वीज तुटली किंवा मशीन गोठलं. शून्य नसेल तर विंडोज कोसळल्याचा निळा पडदा आला होता, आणि मग ड्रायव्हर, रॅम तपासायची.

आता चार्जरवरचं बंद पडणं. ॲडॅप्टर १०० ते २४० व्होल्ट घेतो, त्यामुळे नुसत्या कमी व्होल्टेजने तो सहसा अडत नाही. झाडाची फांदी तारांवर पडून वीज गेली की ती परत येतानाचा झटका वाईट. असा झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर लावा, पण अर्थिंग नसेल तर त्याचा उपयोग अर्धाच. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं होत असेल तर अर्थिंग पोचत नाही असं समजा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या सॉकेटला लावणारा टू-पिन कन्व्हर्टर आधी काढून टाका.

जॅककडे, म्हणजे लॅपटॉपवर चार्जरची पिन जाते त्या भोकाकडे, दुकानांत फारसं कोणी बघत नाही. जून ते चवथीपर्यंतची (गणेश चतुर्थीपर्यंतची) दमट हवा, आणि कळंगूट-वास्कोसारख्या किनारी भागात वर मीठ, यांनी जॅकच्या आत हिरवट थर धरतो. लॅपटॉप बंद, चार्जर काढलेला, अशा स्थितीत ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने बारीक ब्रशने साफ करा, पूर्ण सुकू द्या. मग चार्जर लावून पिन हलकेच हलवून चार्जिंगचा दिवा लुकलुकतो का बघा. लुकलुकला तर जॅक किंवा केबल. ॲडॅप्टरवर १९.५ व्होल्ट लिहिलं असेल तर मल्टिमीटरला तितकंच, फार तर अर्धा व्होल्ट इकडेतिकडे यायला हवं. डेल, एचपीच्या गोल पिनेतली मधली सुई ॲडॅप्टरची ओळख पटवते. ती वाकली तर व्होल्टेज बरोबर असूनही चार्जिंग होत नाही.

मशीन तापूनच जात असेल तर पंखा साफ करून थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) बदला, त्यावर फार लिहायला नको.

टचपॅड उचलला गेलाय किंवा तळ फुगलाय असं दिसलं, म्हणजे बॅटरी फुगली असेल, तर वरचं काहीच करू नका. चार्जिंग बंद, बॅटरी दुकानातच काढून घ्या, टोचू नका, कचऱ्यात टाकू नका, ई-कचऱ्यात द्या. नवीन मागवताना जुन्या बॅटरीच्या लेबलवरचा पार्ट नंबर आणि व्होल्ट जुळवा. ७.६ च्या जागी ११.४ व्होल्टची चालत नाही.