आवडत्या इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेर वाढलेल्या रॉक) गाण्यांचे संकलन करतो आहे. त्यात स्वतःच्या बँडचे गाणे घ्यावे का, आणि गाण्यांचा क्रम कसा लावावा?

घेऊ नये. पंगत वाढणाऱ्याने आपलेच पान आधी मांडू नये.

२००९ साली ग्वाल्हेरला, लष्कर भागातल्या आमच्या घराच्या माडीवर आम्ही चौघे वाजवत असू. त्या दिवाळीला मी पिक्सीज, यो ला टेंगो, पेव्हमेंट अशा अमेरिकी बँडची १८ गाणी निवडून सीडी केली. ८० मिनिटांच्या सीडीत आमचे एकुलते एक ध्वनिमुद्रित गाणे सहज मावत होते आणि पहिल्या यादीत मी ते घातलेही होते. पण पिक्सीजच्या 'सर्फर रोझा'मधल्या एका गाण्यानंतर ते ऐकले आणि काढून टाकले. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने १९८८ च्या त्या अल्बममध्ये ड्रमच्या आवाजाबरोबर खोलीचा घुमारही टिपला आहे. त्यापुढे आमचे ड्रम उशीवर थापट्या माराव्यात तसे लागत होते. आमच्या ड्रमरने वेष्टन उलटून यादीवरून दोनदा बोट फिरवले, सीडी माझ्या काकांच्या बाजाच्या पेटीवर पालथी ठेवली आणि "तुला आपल्याच गाण्याची लाज वाटते," एवढे बोलून तो जिना उतरला. त्यानंतर तो तालमीला आला नाही.

मला लाज वाटत नव्हती. ते गाणे मी आजही कार्यक्रमात वाजवतो. ज्या गाण्यांमुळे मी गिटार हातात घेतली त्यांची ती यादी होती, आणि गिटार हातात घेतल्यावर आम्ही जे केले ते तिच्यात बसणारच नव्हते. त्या दिवशी मला हे सांगता आले नाही.

क्रमाबद्दल काकांचे म्हणणे मला अजून पटते: एका रागाची छाया पुढच्या रागावर पडू देऊ नये. म्हणून एकाच स्वरातली, एकाच लयीची दोन गाणी शेजारी ठेवू नका, आणि ऐंशीच्या दशकातली ध्वनिमुद्रणे हळू आवाजाची वाटतात म्हणून ती फुगवण्याऐवजी नव्या गाण्यांचा आवाज खाली आणा. संख्येचे मी काय सांगू, कंटाळा येण्याआधी थांबावे.

मात्र संकलन आवडीचे नसून एखाद्या काळाचे वा गावाचे असेल, तर माझा नियम लागू होत नाही. 'एनएमई' या ब्रिटिश संगीत-साप्ताहिकाच्या १९८६ च्या 'सी८६' या कॅसेटवर त्या वेळच्या २२ बँडचे एकेक गाणे होते आणि आरंभीचे प्रायमल स्क्रीमचे गाणे दीड मिनिटाचेही नाही. तिथे हजेरी महत्त्वाची होती. ग्वाल्हेरच्या बँडचे असे संकलन कोणी करत असेल, तर आमच्या गाण्याची मूळ फाइल माझ्याकडे आहे, आणि श्रेयनामावलीत ड्रमरचे नाव पहिले हवे.