बोर्डाची मेमरी ‘रीड-ओन्ली’ होते तेव्हा

प्रश्न : तापमानाची नोंद ठेवणाऱ्या आमच्या लिनक्स बोर्डावर ८ जीबीची ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश मेमरी) आहे. दर सेकंदाला सुमारे २० बाइटची एक ओळ फाइलमध्ये लिहिली जाते आणि वीज गेली तरी ती टिकावी म्हणून प्रत्येक ओळीनंतर एफसिंक (डेटा लगेच मेमरीत लिहायला लावणारी आज्ञा) केले जाते. दीड वर्ष सुरळीत चालल्यानंतर आता फाइल सिस्टीम अचानक ‘रीड-ओन्ली’ होते, म्हणजे वाचता येते पण लिहिता येत नाही. एफएससीके (फाइल सिस्टीम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम) चालवून बोर्ड पुन्हा सुरू केला की काही दिवस काम चालते, मग पुन्हा तेच. फ्लॅश झिजली असे समजून बोर्ड बदलावा काय?

उत्तर : इतक्यात बदलू नका आणि कृपया एफएससीके चालवणेही थांबवा. ‘रीड-ओन्ली’ होणे हा मूळ बिघाड नव्हे. चूक आढळताच पुढील नुकसान टाळण्यासाठी ईएक्सटी-४ या फाइल सिस्टीमने लिहिणे बंद करावे, असे बहुतेक बोर्डांवर आधीच ठरवून दिलेले असते. ज्या चिपवर भरवसा उरलेला नाही तिच्यावरच दुरुस्तीच्या नावाखाली आणखी लिहिले, तर उरलासुरला डेटाही हातचा जाऊ शकतो. म्हणून बोर्ड एसडी कार्डावरून सुरू करावा, डीडीरेस्क्यू या बिघडलेल्या मेमरीची प्रत काढणाऱ्या प्रोग्रामने ईएमएमसीची पूर्ण प्रत काढून घ्यावी आणि दुरुस्तीचे प्रयोग त्या प्रतीवर करावेत.

कारण शोधायचे तर कर्नलचा (लिनक्सच्या गाभ्याचा) लॉग हवा, आणि नेमका तोच हाती लागत नाही, कारण डिस्कवर लिहिणे बंद पडले की लॉगही लिहिला जात नाही. यासाठी बोर्डाच्या सिरियल कन्सोलला दुसरा संगणक जोडून तेथे लॉग साठवत राहावे. त्यात एमएमसीच्या ओळींपुढे उणे ८४ हा आकडा दिसला, तर डेटा वाटेत बिघडतो आहे, म्हणजे सीआरसी (डेटा बरोबर पोहोचला का हे तपासणारा आकडा) जुळत नाही, असे समजावे. अशा वेळी डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावरील भागांचे वर्णन करणाऱ्या फाइलमध्ये) ईएमएमसीच्या क्लॉकची कमाल मर्यादा २०० वरून ५० मेगाहर्ट्झवर आणून पाहावी. चुका थांबल्या तर संशय चिपच्या झिजेपेक्षा जोडणीवर किंवा वीजपुरवठ्यावर अधिक जातो. उणे ११० म्हणजे चिपने वेळेत उत्तर दिले नाही. हे झिजलेल्या चिपमुळेही होते आणि लिहिण्याच्या क्षणी व्होल्टेज खाली गेल्यामुळेही होते, तेव्हा एवढ्यावरून निकाल देऊ नये.

झिजेचा अंदाज चिप स्वतःच देते. ईएमएमसी ५.० पासून ही सोय आहे आणि सिसएफएसमध्ये, म्हणजे कर्नल उपकरणांची माहिती जिथे दाखवतो त्या ‘/sys’ फोल्डरात, त्या उपकरणाच्या फोल्डरात ‘लाइफ टाइम’ नावाची फाइल असते. तिच्यातील दोन आकडे मेमरीच्या दोन प्रकारच्या भागांचे असतात : १ म्हणजे आयुष्याचा ० ते १० टक्के भाग वापरला गेला, १० म्हणजे ९० ते १०० टक्के, आणि ११ म्हणजे अंदाजित मर्यादा ओलांडली. आकडे षोडशमान पद्धतीत छापलेले असल्याने शेवटचे दोन ‘ए’ आणि ‘बी’ असे दिसतील. शेजारच्या ‘प्री-ईओएल’ फाइलमध्ये २ दिसला तर राखीव ब्लॉकपैकी ८० टक्के संपले आहेत. दोन्ही फाइलींत आकडे लहान असतील, तर बोर्ड बदलण्याआधी वीजपुरवठा तपासावा.

तरीही आपल्या बाबतीत झिजेची शक्यता मला बरीच वाटते, आणि तिचे कारण एफसिंक आहे. दिवसाच्या ८६,४०० ओळींचा मजकूर जेमतेम १.७ एमबी भरतो. पण प्रत्येक एफसिंकला डेटाचा एक ब्लॉक आणि जर्नलचे (फाइल सिस्टीम बदलांची आधी करून ठेवते त्या नोंदीचे) किमान तीन असे मिळून निदान १६ केबी लिहिले जाते. म्हणजे रोजचे सुमारे १.४ जीबी झाले आणि दीड वर्षात साडेसातशे जीबीच्या आसपास, म्हणजे पूर्ण चिप नव्वदहून अधिक वेळा लिहून झाली. चिपच्या आत लहान लेखनासाठी मोठे ब्लॉक हलवावे लागतात. ती वाढ दहापट धरली, तर आकडा हजाराच्या घरात जातो, आणि टीएलसी प्रकारच्या (एका पेशीत तीन बिट साठवणाऱ्या) फ्लॅशची सहनशक्ती लिहिण्या-पुसण्याच्या हजार ते तीन हजार आवर्तनांची मानली जाते.

बोर्ड बदललाच तरी लिहिण्याची पद्धत तीच राहिली, तर नवा बोर्डही त्याच वाटेने जाईल. नोंदी दहा मिनिटे रॅममध्ये जमवून एकदम लिहाव्यात. दहा मिनिटांच्या नोंदी गमावणे परवडणारे नसेल, तर ताज्या नोंदींसाठी वेगळी एफरॅम चिप (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) लावावी, जिला असे लेखन सहज झेपते. प्रणालीचे लॉग टीएमपीएफएसमध्ये (रॅममधील तात्पुरत्या फाइल सिस्टीममध्ये) ठेवावेत, विभाजन ‘नोएटाइम’ पर्यायासह जोडावे, म्हणजे फाइल नुसती वाचल्यावर वेळेची नोंद लिहिली जात नाही, आणि ईएमएमसीवर स्वॅप (रॅम कमी पडल्यास वापरायची जागा) मुळीच ठेवू नये.

प्रश्न : एका बोर्डावरील नॅन्ड फ्लॅशची प्रत डीडी या जशीच्या तशी नक्कल करणाऱ्या आज्ञेने काढून तशाच दुसऱ्या बोर्डावर लिहिली, पण तो सुरू होत नाही. असे का?

उत्तर : ईएमएमसीमध्ये खराब ब्लॉक लपवणारा कंट्रोलर असतो, तसा साध्या नॅन्डमध्ये नसतो. प्रत्येक चिपमधील खराब ब्लॉक वेगळ्या जागी असतात, कारखान्यातून आलेल्या नव्या चिपमध्येही ते असू शकतात, आणि डीडी त्यांची दखल घेत नाही. बूटलोडर (बोर्ड सुरू होताना कर्नल चालू करणारा प्रोग्राम) आणि कर्नल नॅन्डराइट या आज्ञेने लिहावेत, कारण ते खराब ब्लॉक वगळून पुढे जाते. यूबीआयच्या (नॅन्डचे खराब ब्लॉक आणि झीज सांभाळणाऱ्या थराच्या) विभाजनासाठी मात्र यूबीआयफॉरमॅट ही आज्ञाच वापरावी. एवढे करूनही बोर्ड सुरू झाला नाही, तर बूटलोडर ज्या ईसीसी (चुका दुरुस्त करणाऱ्या) पद्धतीने लिहिला गेला तीच प्रोसेसरच्या बूटरॉमला (प्रोसेसरमध्येच असलेल्या सुरुवातीच्या प्रोग्रामला) अपेक्षित आहे का, हे पाहावे.