आधी ट्रक की आधी शहर?

ट्रक चालवायचा आणि शहर वसवायचा, असे दोन्ही कॉम्प्युटर गेम एकदम सुरू करू नकोस. 'युरो ट्रक सिम्युलेटर २' (२०१२) मध्ये तू केबिनमध्ये बसलेला असतोस. वळण चुकलं की लगेच कळतं. 'सिटीज: स्कायलाइन्स' (२०१५) मध्ये तू वरून बघतोस आणि आत्ताची चूक तासाभराने अंगावर येते. म्हणून नवख्याला मी आधी ट्रकच सुचवतो.

तिथे एकच पथ्य पाळ: लगेच कर्ज काढून ट्रक घेऊ नकोस. आधी क्विक जॉब (दुसऱ्याच्या ट्रकने एकेक खेप पोहोचवणं) कर, ट्रक आणि डिझेल दोन्ही मालकाचं. रिव्हर्स पार्किंग जमेपर्यंत तेच बरं.

शहरात मात्र सुरुवातीला सगळेच या चुका करतात:

- सांडपाण्याचा पाइप पाण्याच्या पंपाच्या वरच्या अंगाला टाकणं. तेच पाणी नळाला येतं आणि गावभर आजार पसरतो. नदी कुठे वाहते ते आधी बघ.
- भलामोठा भाग एकदम झोन करणं, म्हणजे घरं-दुकानांसाठी आखून देणं. एकदम राहायला आलेली माणसं पुढे साधारण एकदमच मरतात आणि शववाहिका पुरत नाहीत. घरं, दुकानं, उद्योग किती हवेत ते दाखवणारे स्क्रीनवरचे मागणीचे पट्टे बघत थोडं थोडं वाढव.
- अख्ख्या शहराची वाहतूक हायवेच्या एकाच फाट्यावर सोडणं.

मॉड (खेळाडूंनी बनवलेले बदल) आणि डीएलसी (गेमचे वेगळे मिळणारे जादा भाग) इतक्यात नकोत. पहिलं शहर बुडालं तरी चालेल, दुसरं नक्की उभं राहतं. अडलास तर नकाशाचा फोटो टाक, मी बघतो.