जनावरांची डॉक्टर व्हायचंय, पण मुलाखतीत बोलता येत नाही

पीयूसीच्या (कर्नाटकातल्या बारावीच्या) परीक्षा संपल्या की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचे पालक प्रवेशाबद्दल सल्ला घ्यायला माझ्याकडे येऊ लागतात. बहुतेकांना मेडिकल नाहीतर इंजिनिअरिंगचं विचारायचं असतं. पण पशुवैद्यकीयला जायचं म्हणणारी मुलंही आता येतात, आणि त्यांच्या घरच्यांची काळजी बहुतेक वेळा एकच असते. पोर हुशार आहे, घरी जनावरं आहेत, पण दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेलं. प्रवेशाच्या मुलाखतीत इंग्रजीतून नाहीतर कन्नडमधून विचारलं तर तोंडच उघडणार नाही.

ही काळजी घेऊन आलेल्या एका मुलीबद्दल लिहिते आहे. तिची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

खानापूर तालुक्यातलं, जंगलाच्या कडेचं गाव. घरी भात, थोडा ऊस आणि तीन म्हशी. आई-वडील दोघंही सोबत आले होते. वडील म्हणाले, "मॅडम, अभ्यासात कमी न्हाई पोरगी. ह्या इंटरव्ह्यूचं तेवढं बघा. रातच्याला आरशापुढं इंग्लिश बोलत बसतीया आन मग रडतीया."

मुलीने वही पुढे केली. मोबाईलवर व्हिडिओ बघून उतरवलेले प्रश्न आणि त्यांची इंग्रजी उत्तरं, सुबक अक्षरात. पहिलंच उत्तर 'लहानपणापासून प्राण्यांची आवड' असं सुरू होत होतं. मी म्हणून दाखव म्हटलं. तिसऱ्या वाक्याला ती अडकली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकली.

ते व्हिडिओ इंग्लंड-अमेरिकेतले होते. तिकडे अशा मुलाखती खरोखरच होतात. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजमध्ये उमेदवाराला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर पाठवतात, प्रत्येक ठिकाणी काही मिनिटांत नवा प्रश्न असतो. कुठे गोठ्यात, दवाखान्यात काय काम पाहिलंस ते विचारतात, कुठे एखादा पेच समोर ठेवतात. आपल्याकडे बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. या पशुवैद्यकीय पदवीला अशी मुलाखत नाही. भारतीय पशुवैद्यक परिषदेमार्फत भरल्या जाणाऱ्या १५ टक्के जागा 'नीट' या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर जातात. कर्नाटकातल्या जागा कर्नाटक परीक्षा प्राधिकरण राज्याच्या सीईटी या प्रवेश परीक्षेच्या रँकप्रमाणे भरतं. काउन्सेलिंग म्हणजे त्या रँकप्रमाणे होणारं जागावाटप, तिथे 'तुला हे का करायचंय' असं कुणी विचारत नाही.

हे सांगितल्यावर वडिलांचा जीव भांड्यात पडला. मुलीचा चेहरा मात्र उतरला. "म्हंजे मला कोणच काय विचारणार न्हाई?" ती म्हणाली.

तिचं ते वाक्य मला फार मोलाचं वाटतं. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष पूर्ण आंतरवासितेचं, म्हणजे इंटर्नशिपचं. रात्री-अपरात्री गोठ्यात जायचं, शेणात-रक्तात हात घालायचा, आणि कधी कधी जनावर हाताशी मरताना बघायचं. एवढ्या कामाला माणूस निवडताना आपली पद्धत फक्त भौतिक, रसायन आणि जीवशास्त्राचे गुण बघते. रँक लागली म्हणून आलेली आणि दुसऱ्या वर्षाला कोमेजून गेलेली मुलं मी पाहिली आहेत. म्हणून कॉलेज घेत नसलं तरी ही मुलाखत आपण आपली घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. घ्यावी ती मात्र आपल्या भाषेत, आणि पाठ केलेल्या उत्तरांशिवाय.

वही मिटायला लावली आणि विचारलं, "घरची म्हैस कधी आजारी पडली होती का?"

ती बोलू लागली आणि थांबेचना. "गेल्या वर्षी पावसाळ्यात आमची थोरली म्हस व्याली. दुसऱ्या दिवशी बसली ती उठेचना. मान वळवून पोटाकडं टाकलेली. कान हात लावला तर गार. शेण न्हाई, रवंथ न्हाई. आज्जी म्हणाली दिष्ट लागली. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी मानंच्या शिरंतनं बाटली सोडली, लई सावकाश. मधनं मधनं छातीला नळी लावून ऐकायचे. बाटली संपत आली तशी तिनं ढेकर दिली, शेण टाकलं, आन थोड्या वेळानं उठून उभी राह्यली की!"

मान वळवून पोटाकडे टाकणं, गार कान, व्याल्यानंतरचा दिवस: दुग्धज्वराचं हे वर्णन पुस्तकात शोभावं इतकं नेमकं होतं. व्याल्यावर दुधासाठी रक्तातलं कॅल्शियम एकदम ओढलं जातं, स्नायू काम करेनासे होतात आणि जनावर खाली बसतं. मी विचारलं, "बाटली सावकाश का सोडत होते? छाती का ऐकत होते?" तिला सांगता आलं नाही. "म्हाईत न्हाई, पण विचारून सांगते," म्हणाली. माझ्या मते मुलाखतीतलं तिचं हे सगळ्यात चांगलं उत्तर. बोलता येत नाही म्हणून रडणारी मुलगी पाऊण तास सलग बोलली होती, आणि ते तिच्या वडिलांनीही ऐकलं होतं.

मग मी काही अवघड प्रश्न दिले, घरी जाऊन विचार करायला. विधवा बाईची एकच म्हैस आहे, वाचायची आशा कमी आणि औषधाचा खर्च तिच्या आवाक्याबाहेर. तिला काय सांगशील? गावातला वजनदार माणूस लसीकरण न करताच नोंद करून टाक म्हणाला तर? माणसांचं डॉक्टर व्हायला गुण कमी पडले म्हणून तू इकडे येते आहेस का? शेवटच्या प्रश्नावर आई चपापली. पण घराघरात हा प्रश्न मनात असतो आणि तो मोठ्याने विचारलेला बरा. मुलीने लगेच उत्तर दिलं नाही. पुढच्या भेटीत म्हणाली, "पैल्यांदा तसंच होतं, मॅडम. आता तसं न्हाई वाटत."

वाटणं खरं की नाही हे काम बघितल्याशिवाय कळत नाही. तालुक्याच्या सरकारी जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांशी वडील बोलले आणि सुट्टीत तिथे बसायची परवानगी मिळाली. अशा ठिकाणी मूल पाठवताना मी काही गोष्टी आधी बजावते. पायात गमबूट हवेत. डॉक्टर सांगतील तिथेच उभं राहायचं. गाभडलेलं वासरू, पडलेली वार यांना उघड्या हाताने शिवायचं नाही. जनावरं गाभडवणारा ब्रुसेलोसिस हा रोग माणसालाही होतो, आणि म्हणूनच ४ ते ८ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना त्याची लस देतात. लाळ गाळणाऱ्या जनावराच्या तोंडात काही अडकलंय असं समजून हात घालायचा नाही. ते पिसाळलेलं असू शकतं, आणि रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की माणूस सहसा वाचत नाही.

पहिल्याच आठवड्यात ती उत्तर घेऊन आली. कॅल्शियम शिरेतून भरभर गेलं तर हृदय बंद पडू शकतं, म्हणून ठोके ऐकत बाटली सोडतात. डॉक्टरांनी तिच्या कानाला नळी लावून ठोके ऐकवले होते. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी नंबर कसा नोंदवतात, लाळ्या-खुरकुताची लस टोचताना म्हैस कशी धरतात, हे सगळं ती हातवारे करून सांगत होती.

नंतर एकदा गप्प गप्प आली. एका गायीचं वासरू पोटातच मेलेलं, आडवं अडकलेलं. गाय वाचवायची म्हणून डॉक्टरांनी ते आतल्या आत कापून तुकड्या-तुकड्यांनी काढलं. "मला जमणार न्हाई वाटायलंय," ती म्हणाली.

अशा वेळी मुलांना धीर द्यायची घाई करू नये. 'होईल सवय' हे वाक्य तर अजिबात बोलू नये. सवय होईलही, पण त्या क्षणी मुलाला स्वतःकडे नीट बघू द्यायला हवं. मी एवढंच विचारलं, त्या वेळी तू काय करत होतीस? "बॅटरी धरलेली. लाईट गेलेली ना." हात हलला? "न्हाई. नंतर हलला, घरी आल्यावर." आणि डॉक्टर? "हात धुतले. मालकिणीला सांगितलं गाय वाचली, औषध चुकवू नका. मग चहा घेतला आन दुसऱ्या गावाला गेले." एवढं सांगून ती बराच वेळ बसून राहिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दवाखान्यात गेली, मी सांगितलं नव्हतं.

याच प्रश्नांनी कुणाचं उत्तर उलटंही येतं, तेही चांगलंच. निपाणीकडचा एक मुलगा दवाखान्यात चार दिवस जाऊन आला आणि सरळ म्हणाला, मला हे नको. त्याला रस होता दुधात: संकलन केंद्र, फॅट, दूध थंड ठेवून पोचवणं, हिशेब. कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाच्याच बंगळूरच्या डेअरी महाविद्यालयात बी.टेक. होतं हे त्याला ठाऊकही नव्हतं. पशुवैद्यकीयची जागा अडवून पुढे कुढत बसण्यापेक्षा हे आधी कळलेलं किती चांगलं!

आईची काळजी निराळी होती, आणि ती तिने मुलगी बाहेर गेल्यावर सांगितली. "ढोरांची डॉक्टरीण म्हटल्यावर पाव्हणं काय म्हणतील? आन एवढ्या मोठ्या जनावरापुढं पोरीचं काय चालणार?" दुसऱ्या भागाचं उत्तर सोपं आहे. म्हशीला ताकदीने कुणीच आवरत नाही, पुरुषही नाही. खोडा, दावं, वेसण आणि लागलं तर गुंगीचं औषध यांनी जनावर आवरतं. पशुवैद्यकीयच्या वर्गांत आज मुली भरपूर आहेत. पहिल्या भागाबद्दल मी आईला वाद घातला नाही. गोठ्यात म्हशींचं सगळं कोण बघतं, एवढं विचारलं. "मीच की," ती म्हणाली. मग हे काम बायकांचं नाही असं कोण म्हणेल, एवढंच मी बोलले.

मुलाखत नसली तरी शेतकरी कुटुंबातल्या मुलांना एका ठिकाणी समोर उभं राहून परीक्षा द्यावी लागते. सीईटीमधून कृषिक कोट्याची जागा मागितली तर प्रात्यक्षिक चाचणी असते. बियाणं, अवजारं, खतं, जनावरांच्या जाती अशा गोष्टी ओळखाव्या लागतात. तिथे आपल्या सीमाभागातली मुलं गडबडतात, कारण वस्तू रोजच्या हातातली असते पण नाव फक्त मराठीत ठाऊक असतं. म्हणून आम्ही तीन रकाने पाडले: तूर, हरभरा, जोंधळा, कुरी, कोळपं, आणि पुढे कन्नड व इंग्रजी नावं. कन्नड रकाना तिने शेजारच्या काकूंकडून भरून घेतला. जातींसाठी ती वडिलांबरोबर बाजारात फिरली. खिलार आणि कृष्णाकाठची कृष्णा व्हॅली यांतला फरक तिला आधी सांगता येत नव्हता. पंढरपुरी म्हैस मात्र लांब शिंगांवरून लांबूनच ओळखायची.

कागदपत्रांचं आताच सांगून ठेवते, कारण जागा हातची जाते ती इथे. शेतजमिनीचा उतारा, कृषिक असल्याचा दाखला, आणि पहिली ते दहावी खेड्यात शिकल्यास ग्रामीण कोट्यासाठी मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या सहीचा दाखला. हे निकालाआधीच काढून ठेवावेत. कन्नड माध्यमाचा जो वेगळा कोटा आहे तो मराठी शाळेच्या मुलांना लागू होत नाही, त्यावर आशा ठेवून बसू नये. कल्याण कर्नाटकचं, घटनेच्या ३७१ (जे) कलमाखालचं आरक्षण बिदर, कलबुर्गीकडे आहे, बेळगावला नाही. महाराष्ट्रातल्या व्यावसायिक अभ्यासक्रमांत सीमाभागातल्या ८६५ गावांच्या मराठी भाषिक मुलांसाठी तरतूद असते. नागपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचे प्रवेश नीटवर होतात, म्हणून तिकडचाही विचार असेल तर सीईटीबरोबर नीट द्यायलाच हवी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीतही मिळते. त्या त्या वर्षाची माहितीपुस्तिका पालकांनी स्वतः वाचावी, नेट सेंटरवाल्यावर सोडून देऊ नये.

प्रात्यक्षिकाला तिची भीती गेली होती असं नाही. आत जाताना पोटात गोळा आला होता, असं तिनेच सांगितलं. पण समोर ठेवलेली वस्तू हातात घेतली की सुचत गेलं. जागावाटपाच्या दुसऱ्या फेरीत तिला सरकारी महाविद्यालयात जागा मिळाली.

आता ती पहिल्या वर्षाला आहे. शरीररचनाशास्त्राच्या पहिल्या चाचणीत गुण कमी पडले. हाडांची नावं इंग्रजीतून पाठ होत नाहीत, आणि वर्गात हात वर करायला अजून जड जातं. सुट्टीत आली की रोज एक हाड घेऊन त्यावर आधी मराठीत आणि मग इंग्रजीत मोठ्याने बोलायचं, असं आम्ही फोनवर ठरवलं आहे. ऐकायला आईला बसवायचं, ही कल्पना तिची.