आबांची गोष्ट, तुझी साक्ष

"माई, धुळ्याजवळच्या खेड्यातून लिहितेय. आम्ही तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. पाळकसाहेबांनी मला पुढच्या रविवारी उपासनेत साक्ष द्यायला, म्हणजे माझा विश्वास कसा जागा झाला ते सगळ्यांसमोर सांगायला, सांगितलंय. आबांची दारू सुटली त्या काळात माझा विश्वास खरा झाला. ते वगळलं तर सांगायला काही उरतच नाही. पण आबा पहिल्याच बाकावर बसतात. शिवाय काकू विचारतात, तुझं तारण कोणत्या तारखेला झालं, म्हणजे ख्रिस्ताला तू कधी स्वीकारलंस? मला तारीखच नाही. काय करू?"

अगं माय, आधी तारखेचं उरकून टाकू. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली झाला. पुढं १९०७ मध्ये आपली साक्ष लिहिताना त्यांनी सरळ कबूल केलं, की तेव्हा धर्म हाती आला होता, ख्रिस्त भेटायला आणखी काही वर्षं लागली. काकूंना एवढं सांग आणि चहा दे.

आता आबा. दारूचा भाग जितका रंगवशील तितका 'आमेन'चा आवाज चढेल, हे तुलाही ठाऊक आहे. मी भुसावळात वाढले. आमच्या चर्चच्या मंडळीत एका बाईनं नवऱ्याचा सगळा इतिहास माईकवरून सांगितला होता. लोक ढसाढसा रडले. नवरा पुढं कितीतरी रविवार आलाच नाही. चहाच्या टपरीवर पोरं त्याला 'साक्षीवाले' म्हणायला लागली होती.

कोणी म्हणेल, लक्ष्मीबाई टिळकांनी नाही का 'स्मृतिचित्रे'त आपल्या नवऱ्याचे, कवी ना. वा. टिळकांचे, राग आणि लहरी मांडल्या? मांडल्या. पण टिळक १९१९ मध्ये गेले आणि पुस्तक १९३४ पासून यायला लागलं. शिवाय त्यात लक्ष्मीबाई सगळ्यांत जास्त हसतात त्या स्वतःलाच. तुझ्या आबांना सोमवारी त्याच लोकांमधून शेतावर जायचंय.

म्हणून आधी त्यांना विचार. पाळकसाहेबांसमोर नको, चारचौघांत तर नकोच. रात्री जेवणं झाली की ओट्यावर बस आणि कागद वाचून दाखव. 'हो' म्हणाले तरी चेहरा बघ. लेकीला नाही म्हणणं बापाला जमत नाही. 'मनी गोट मी सांगसू', माझी गोष्ट मीच सांगेन, असं म्हणाले, तर दारूचा भाग तिथंच खोड. तो त्यांच्या साक्षीतला, ते देतील तेव्हा.

आणि परवानगी मिळाली तरी 'कायमची सुटली' म्हणू नकोस. 'इतके दिवस घेतली नाही' एवढंच म्हण. कायमचं म्हणून टाळ्या घेतल्या आणि उद्या पाय घसरला, तर त्या माणसाला मंडळीत परत यायचीच लाज वाटते. मी पाहिलंय ते.

नाहीच म्हणाले तर? 'घरात मोठी अडचण होती' यावर भागतं. खरंच भागतं. बायबलात मार्काच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातला भूतग्रस्त बरा झाल्यावर येशूबरोबर नावेत चढायला निघतो, तेव्हा येशू त्याला घरी, आपल्या माणसांकडे धाडतो: प्रभूनं तुझ्यासाठी काय केलं ते सांग. तुझ्यासाठी. मग आबा उशिरा यायचे त्या रात्री तू काय करत होतीस?

हे मी उगाच विचारत नाही. पत्रात तू एक ओळ लिहून खोडलीयस. म्हातारीची खोड, मी ती उजेडाला धरून वाचली: 'मी तेव्हा प्रार्थना करणं सोडलं होतं.' पोरी, अख्ख्या पत्रात आबांची नसलेली, फक्त तुझी अशी हीच एक गोष्ट आहे. सोडलेली प्रार्थना पुन्हा कधी सुरू झाली, ती आधी कशी अडखळत झाली, ते सांग. पाच मिनिटं पुरतील. 'अंधारातून प्रकाशात' वगैरे ठेवणीतली वाक्यं नकोत. घरी बोलतेस तसं बोल, मधे अहिराणी आली तर येऊ दे.

आणि ओट्यावर आबांना कागद वाचून दाखवशील ना, तेव्हा ती खोडलेली ओळ गाळू नकोस.

तुझी माई