पगारपत्रकातली ‘सोसायटी’ : वाचकांचे प्रश्न

नोकरदारांच्या पतसंस्थांबद्दल, म्हणजे पगारातून जिची कपात होते त्या ‘सोसायटी’बद्दल, मागच्या वेळी ओझरतं लिहिलं आणि प्रश्नांचा पाऊस पडला. सहकार खात्याच्या नामतालिकेवरचा, म्हणजे मान्य यादीतला, लेखापरीक्षक म्हणून अशा संस्थांची दप्तरं तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यामुळे या विषयावर मला बोलतं करणं सोपं आणि थांबवणं अवघड. जमतील तेवढ्या प्रश्नांना इथे उत्तरं देतो.

जिल्हा परिषदेत नुकताच कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी सोसायटीचा फॉर्म पुढे केला, दरमहा दोन हजार कपात. बँकेत आरडी लावली तर काय वाईट? सभासद व्हावंच लागतं का? – एक वाचक, सातारा

सक्ती कुणीच करू शकत नाही. पण फॉर्म फाडण्याआधी त्या दोन हजारांचं काय होतं ते विचारा. बहुतेक ठिकाणी त्याचे दोन भाग पडतात. समजा पाचशे शेअरला जातात आणि दीड हजार मासिक वर्गणी म्हणून ठेवीत जमतात. ठेवीवर ठरलेलं व्याज मिळतं, तो तुमच्या आरडीचा भाऊ. शेअरचं तसं नाही. शेअर घेतला की तुम्ही मालक. त्यावर व्याज नाही, नफा झाला आणि सर्वसाधारण सभेने मंजूर केला तर लाभांश. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० प्रमाणे तो १५ टक्क्यांवर जाऊ शकत नाही. आणि नफ्यातला निदान चौथा हिस्सा आधी राखीव निधीला काढून ठेवावाच लागतो.

आता हे पैसे फिरतात कसे, ते बघा. तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाईंना मुलाच्या इंजिनिअरिंगची फी भरायची आहे. त्यांना मिळणारं कर्ज तुमच्या आणि तुमच्यासारख्या पाचशे जणांच्या वर्गणीतून जातं. त्या व्याज भरतात, त्यातून तुमच्या ठेवीचं व्याज, सचिवाचा पगार, कपाटं नि संगणक, ऑडिट फी हे सगळं भागतं, उरेल तो नफा. बाहेरचा भागधारक नसल्यामुळे कर्जाचा दर थोडा खाली आणि ठेवीचा थोडा वर ठेवता येतो. मताच्या बाबतीत पाच हजारांचे शेअर असोत की पाच लाखांचे, सभासदाला मत एकच. साहेबांनाही एकच.

एक गोष्ट मात्र फॉर्मवर बारीक अक्षरात असते. शेअरची रक्कम सभासद असेपर्यंत सहसा परत मिळत नाही. आरडी मोडता येते, ही मोडता येत नाही. पोटनियमांची, म्हणजे संस्थेच्या स्वतःच्या नियमांची, प्रत मागा. देताना सचिवाने कपाळाला आठ्या घातल्या तरी हक्क तुमचा आहे.

माझे वडील गिरणीत होते. ते म्हणायचे, “सोसायटी नसती तर पठाणाने खाल्लं असतं.” हे नेमकं काय होतं? – एक वाचक, लालबाग

तुमच्या वडिलांनी अख्खा इतिहास एका वाक्यात सांगितला. गिरणगावात पगाराच्या दिवशी गिरणीच्या दारात पठाण सावकार उभे असत, हातात लाठी. व्याजाचा चालू दर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किरकोळ. पण रुपयाचे आणे सोळा, म्हणजे महिन्याला सव्वासहा टक्के, वर्षाला पंचाहत्तर. दहा रुपये घेतलेला माणूस वर्षभर नुसतं व्याज भरून साडेसात रुपये घालवी आणि मुद्दल जिथल्या तिथे. कामगारांच्या या कर्जबाजारीपणाची नोंद कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली आयोगाच्या १९३१ मध्ये आलेल्या अहवालातही आहे.

बँक या माणसाला दारात उभं करत नव्हती. तारण ठेवायला त्याच्याकडे काय होतं? एकच गोष्ट होती, दर महिन्याला ठरल्या दिवशी येणारा पगार. पगारदारांच्या सोसायटीची सगळी इमारत त्या पगारावर उभी राहिली. कर्जदाराच्या हातात पैसे पडण्याआधीच हप्ता कापला जाणार असेल, तर पठाणाची लाठीही नको आणि सोनं-नाणंही नको.

सहकाराची कल्पना आपल्याकडे त्याआधीच रुजत होती. बडोद्यात १८८९ साली विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी अन्योन्य सहाय्यकारी मंडळी काढली, तेव्हा देशात सहकाराचा कायदासुद्धा नव्हता. कायदा आला १९०४ मध्ये. पुढच्याच वर्षी गदगजवळच्या कणगिनहाळला, म्हणजे तेव्हाच्या मुंबई इलाख्यातच, शेतकऱ्यांची पतपेढी नोंदली गेली. शहरांत नोकरदारांनी तोच धागा उचलला. मुंबईतल्या रेल्वे कर्मचाऱ्यांच्या सोसायट्यांनी तर केव्हाच शंभरी ओलांडली. मग गिरण्या, पालिका, पोस्ट, शिक्षक, एस.टी. काही संस्था इतक्या वाढल्या की त्यांच्या बँका झाल्या.

पगारातून कापून घेण्याला कायद्याचंही बळ आहे. सभासद तसा करार लिहून देतो आणि संस्थेने मागणी पाठवली की सहकार कायद्याच्या कलम ४९ प्रमाणे मालकाने रक्कम कापून संस्थेकडे भरायची. न भरल्यास ती मालकाकडून जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होऊ शकते. १९३६ च्या वेतन कायद्याने तर एरवी कपातीची मर्यादा पगाराच्या ५० टक्के ठेवली होती आणि सोसायटीची कपात असेल तर ७५ टक्के. नव्या वेतन संहितेत ही खास सवलत राहिलेली नाही, सरसकट ५० टक्के. जुन्या चेअरमन मंडळींना हे रुचत नाही. मला विचाराल तर पगाराची पाऊण रक्कम कापून घरी गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी कुठल्या ना कुठल्या सावकाराकडे जाणारच. पठाण गेला, आता मोबाइलमधलं अ‍ॅप आहे, एवढाच फरक.

मुलगी सिअ‍ॅटलला असते. तिचं खातं बँकेत नाही, ‘क्रेडिट युनियन’मध्ये आहे. ती म्हणते, बाबा, ही तुमची पतसंस्थाच. खरं का? – एक वाचक, पुणे

खरं आहे, आणि नातं तिला वाटतं त्याहून जवळचं आहे. बोस्टनचे एक मोठे दुकानदार एडवर्ड फाइलिन १९०७ मध्ये हिंदुस्थानात आले होते. बंगालच्या खेड्यांत शेतकरी एकमेकांच्या भरवशावर पतपुरवठा करताना त्यांनी पाहिले आणि ती गोष्ट त्यांच्या डोक्यात बसली. १९०९ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याने क्रेडिट युनियनचा कायदा केला, त्यामागे फाइलिन यांचा जोर होता. कॅनडात आल्फोन्स देजार्दँ यांनी १९०० सालीच क्वेबेकमध्ये अशी संस्था काढली होती, तिथूनही शिकवणी मिळाली. पूर्ण अमेरिकेसाठी कायदा १९३४ चा, मंदीच्या ऐन तडाख्यातला.

सिअ‍ॅटल म्हटल्यावर बोइंगची गोष्ट सांगायलाच हवी. १९३५ मध्ये बोइंगच्या अठरा कामगारांनी तिथे क्रेडिट युनियन सुरू केली. कारखान्यात लागलेल्या माणसाला हत्यारं स्वतःची आणावी लागत, आणि नवा माणूस ती घेणार कुठून? म्हणून हत्यारांसाठी कर्ज. सुरुवातीची पुंजी बुटांच्या खोक्यात ठेवत, असं ती संस्था आपल्याबद्दल सांगते. आज तिथे सभासद व्हायला बोइंगमध्ये नोकरी लागत नाही.

तो दरवाजा उघडला कसा, हा मोठा तंट्याचा विषय आहे. क्रेडिट युनियनच्या सभासदांत काहीतरी समान धागा हवा, एक मालक किंवा एक वस्ती, असा नियम. कारखाने बंद पडू लागले तसे या संस्थांनी वेगवेगळ्या कंपन्यांचे कामगार एकत्र घ्यायला सुरुवात केली. बँका कोर्टात गेल्या आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्याही. पण क्रेडिट युनियनच्या सभासदांनी एवढा गलका केला की ऑगस्टमध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदाच बदलला.

मुलीला एक फरक मात्र सांगा. तिथे संघीय विम्याच्या क्रेडिट युनियनमधली ठेव अडीच लाख डॉलरपर्यंत सुरक्षित असते. आपल्या पतसंस्थेला तसं कवच नाही. त्यावर खाली लिहिलंच आहे.

सहकाऱ्याला जामीन राहिलो. तो निलंबित झाला, आता हप्ता माझ्या पगारातून कापतात. कर्ज त्याने घेतलं, गाडी त्याच्या दारात, आणि भरायचं मी? – एक शिक्षक, बीड

गुरुजी, चीड समजते, पण सही तुमची आहे. करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या’ असं म्हणायची सोय त्यात नाही, करारात वेगळं लिहिलं असेल तरच.

एका संस्थेच्या तपासणीला गेलो होतो. मधल्या सुट्टीत एक तरुण शिक्षक डबा खाता खाता कर्जाच्या फॉर्मवर सह्या करत होता. रक्कम, मुदत, सगळे रकाने कोरे. मी विचारलं, किती लाखांना जामीन राहताय? तो म्हणाला, “काय माहीत सर, ते माझ्या फॉर्मवर सही करणार आहेत.” तू माझा, मी तुझा, अशा साखळ्या मी पुष्कळ पाहिल्या. चार-पाच जणांच्या साखळीतला एक कोसळला की दोन घरांचे हप्ते एकाच पगारावर येतात.

तुम्हाला काय करता येईल? पहिलं, संस्थेला लेखी कळवा की मूळ कर्जदाराच्या निर्वाह भत्त्यातून, त्याच्या शेअर-ठेवींतून आणि दुसऱ्या जामीनदाराकडूनही वसुली व्हावी. पुष्कळदा ज्याचा पगार सरळ निघतो त्याच्याच मागे लागतात, कारण ते सोपं असतं. दुसरं, कापलेल्या प्रत्येक हप्त्याची पावती जपून ठेवा. जामीनदाराने भरलेली रक्कम कर्जदाराकडून वसूल करण्याचा हक्क करार कायद्याचंच कलम १४५ देतं, आणि त्यासाठी ते कागद लागतील. तिसरं, संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखल्याची कारवाई सुरू केली असेल तर नोटीस घेऊन गप्प बसू नका, तारखेला जा.

आमची सोसायटी साडेनऊ टक्क्यांनी कर्ज देते. बाहेर एकजण सात टक्के ‘फ्लॅट’ देतोय. सोसायटी लुटते का? – एक वाचक, नाशिक

आकडे मांडतो, तुम्हीच ठरवा. पाच लाख, पाच वर्षं. फ्लॅट सात टक्के म्हणजे वर्षाला ३५,००० व्याज, पाच वर्षांचं १,७५,०००. हप्ता ११,२५०. सोसायटीचं व्याज शिल्लक मुद्दलावर, हप्ता सुमारे १०,५००, एकूण व्याज १,३०,००० च्या आसपास. सात टक्केवाला पंचेचाळीस हजारांनी महाग. मुद्दल दर महिन्याला घटत असताना व्याज मात्र पूर्ण पाच लाखांवर, हीच त्यातली मेख. त्याचा खरा दर साडेबारा टक्के पडतो.

सोसायटीलाही एक प्रश्न विचारा, कर्ज देताना शेअरपोटी किती कापणार? पाच लाखांतून पंचवीस हजार तिथेच राहिले तर व्याज पाच लाखांवर आणि हातात पावणेपाच. लाभांशाने थोडं भरून निघतं, सगळं नाही.

निवृत्तीचे पैसे सोसायटीत ठेवू का? व्याज बँकेपेक्षा जास्त आहे. – एक वाचिका, कोल्हापूर

ताई, सगळे नको. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकेतल्याही. पतसंस्था ही बँक नाही, त्यामुळे तो विमा तिला लागू नाही. संस्था बुडाली तर राखीव निधी आणि वसुली, एवढ्यावरच भिस्त.

पगारदारांची संस्था सहसा कर्जवाटपाने बुडत नाही, कारण हप्ता पगारातूनच येतो. धोका असतो तो पडून राहिलेल्या पैशांत. सभासद कर्ज घेईनासे झाले, फोनवर दहा मिनिटांत बँकेचं कर्ज मिळायला लागलं, की संस्थेच्या हातात पैसा साचतो आणि तो कुठेतरी ठेवावा लागतो. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेवर निर्बंध आले तेव्हा कित्येक पतसंस्थांच्या ठेवी तिथे अडकल्या. पुढे २०२२ मध्ये ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली, पण संस्थात्मक ठेवीदारांच्या विम्याबाहेरच्या रकमेपैकी ८० टक्क्यांचे प्रेफरन्स शेअर झाले, लाभांश वर्षाला एक टक्का. ज्या सभासदांनी त्या बँकेचं तोंडही पाहिलं नव्हतं त्यांचे हे पैसे.

म्हणून वार्षिक अहवाल हातात आला की लाभांशाचं पान सोडा आणि ‘गुंतवणूक’ हे परिशिष्ट काढा. एकाच बँकेत किती, ती बँक कशी, हे बघा. मग लेखापरीक्षकाचे शेरे. ‘मागील दोषांची दुरुस्ती अपूर्ण’ हे वाक्य तीन वर्षं तसंच छापलेलं दिसलं तर ठेव थोडी आवरती घ्या.

सभेला गेलं की स्टीलचा डबा मिळतो, जेवण मिळतं. बोलायला गेलं तर माइक काढून घेतात. – एक वाचक, अकोला

माइक नसला तरी पेन असतं. सभेची नोटीस आली की मुदतीत लेखी प्रश्न संस्थेकडे द्या, पोच घ्या आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवायचा आग्रह धरा. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हायला हवी. आणि तो डबा फुकट नसतो, त्याचा खर्च नफा-तोटा पत्रकात कुठे दाखवलाय ते विचारून बघा. सभागृहात एकदम शांतता होते.

पुढच्या मेमध्ये निवृत्त होतोय. सभासद राहता येईल का? – एक वाचक, ठाणे

पगारदारांच्या बहुतेक संस्थांत पगार थांबला की सभासदत्व थांबतं, काही ठिकाणी नाममात्र सभासद म्हणून ठेव ठेवता येते, पण मत नसतं. तुमच्या पोटनियमात काय आहे ते मार्चच्या आतच बघा. कर्ज शिल्लक असेल तर शेअर आणि वर्गणीतून वळतं करून किती उरेल, याचा लेखी हिशेब मागा. आणि कुणाला जामीन असाल तर तो जामीन बदलून घ्या. नाहीतर ग्रॅच्युइटीची वाट बघत असताना कार्यालय ना-हरकत दाखला मागेल आणि तुम्ही त्या कर्जदाराचा नवा नंबर शोधत फिराल.