जुन्या टाटा ४०७ ट्रकची चावी फिरत नाही, स्टिअरिंगही जाम आहे. लॉक फोडून गाडी डायरेक्ट, म्हणजे चावीशिवाय बटणावर, करावी का?

फोडू नका. निदान आजचा दिवस तरी थांबा.

तुम्ही लिहिलंय की गाडी १९९८ ची आहे, दोन दिवस उताराला उभी होती, चावी आत जाते पण तसूभर फिरत नाही, आणि मिस्त्री म्हणतोय ‘लॉक फोडू, बटण बसवू, पाचशेत काम’. ते ‘फोडू’ वाचलं आणि मला आमचे आप्पाच दिसले. आप्पा म्हणजे माझे चुलते. आमची ४०७ होती १९९४ ची, आणि याच एका विषयावर आमच्या दोघांचं वीस वर्षांहून जास्त भांडण चालू आहे. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

२००३ साल. दसरा होऊन तिसरा दिवस. पिंपळगावहून टोमॅटोचे ११० क्रेट भरून वाशीला निघालो होतो. मी एकोणीस वर्षांचा, नावाला क्लीनर. रात्री दीडच्या सुमाराला मार्केटबाहेरच्या रांगेत लागलो. रस्त्याला उतार आणि आमचा हँडब्रेक देवाच्या भरवशावर, म्हणून आप्पांनी चाक वळवून कडेच्या सिमेंटच्या कट्ट्याला टेकवलं, इंजिन बंद केलं, चावी कनवटीला खोचली आणि घोरायला लागले. यात काही चूक नाही. उतारावर मीही तेच करतो.

साडेतीनला रांग सरकली. मागून हॉर्नवर हॉर्न. आप्पांनी चावी घातली, फिरेना. स्टिअरिंग खुंटीसारखं गच्च. मग सुरू झालं, ‘तेल आण’. डब्यातलं काळं इंजिन ऑइल काडीने लॉकच्या भोकात सोडलं. तरी नाही. मग ‘पक्कड आण’. पक्कड माझ्या हातात होती हे मी कबूल करतो, पण ‘लाव जोर, घाबरतो काय’ हे शब्द त्यांचे. मी पिळली आणि टक्कन आवाज आला. चावीचं डोकं पकडीत, उरलेली आत.

मागच्या गाडीचा ड्रायव्हर खाली उतरला. शिव्या घालणार असं वाटलं, पण त्याने आधी आमच्या पुढच्या चाकावर बॅटरी मारली. टायरची कड कट्ट्याला दाबून फुगली होती. म्हणाला, ‘चाक दाबात आहे राव. जॅक लावा.’

तुमचंही हेच झालंय अशी माझी पैज. चावी काढली की स्प्रिंगवरचा एक खटका स्टिअरिंगच्या दांड्यावरच्या खाचेत बसतो. चाक कुठेतरी रेटून उभं असेल तर दांडा पिळलेला राहतो आणि खटक्याला बाजूने दाबून धरतो. खटका मागे सरकत नाही, आणि तो सरकत नाही तोवर चावी फिरत नाही. पावसाळ्यात दार फुगलं की कडी निघत नाही, तेव्हा आपण कडीशी कुस्ती खेळत नाही, दार आपल्याकडे ओढून धरतो आणि मग कडी सरकवतो. तसंच इथे. एका हाताने स्टिअरिंग डावी-उजवीकडे रेटा, ज्या बाजूला केसभर ढिलं लागेल तिकडे दाबून धरा आणि दुसऱ्या हाताने चावी दोन बोटांनी फिरवा. दोन बोटांनी! मूठ वळली की चावी गेली.

भरलेल्या गाडीला हाताचा जोर पुरत नाही. आम्ही मागच्या चाकांना दगड लावले, पुढच्या ॲक्सलखाली जॅक घेतला. टायर कट्ट्यावरून सुटला आणि स्टिअरिंग आपोआप बोटभर फिरलं. मी तुटका तुकडा टाचणीने काढायला बसलो तर त्या माणसाने हात धरला. ‘तीच तुझी चावी आहे आता.’ खरंच होतं. लॉकच्या आतल्या पितळी पत्र्या त्या तुकड्याने उचलून धरलेल्या असतात, म्हणून तर लॉक फिरतं. तुकडा शेवटपर्यंत आत ढकलून त्याच्या कडेला बारीक स्क्रू ड्रायव्हर लावला आणि चावीसारखा फिरवला. सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) लागला. त्या माणसाला चहासुद्धा पाजायचा राहिला.

गाळ्यावर पोचेपर्यंत साडेपाच झाले. चांगलं गिऱ्हाईक निघून गेलेलं, क्रेटमागे वीस-पंचवीस रुपये मार बसला. परत येताना आप्पा कसाऱ्यापर्यंत गप्प. तिथे चहा घेताना एकच वाक्य बोलले, ‘चावी तू मोडलीस.’ आजही लग्नकार्यात कोणी गाड्यांचा विषय काढला की हे वाक्य येतं.

आणखी एक कारण नाशिकला चावीवाल्याने दाखवलं. त्याने तुकडा ‘ऑन’ला फिरवून बाजूच्या बारीक भोकात तार दाबली आणि बॅरल, म्हणजे चावी जाते तो लॉकचा गोल भाग, अलगद हातात काढलं. वर्तमानपत्रावर झटकलं तर काळा चिकट गोळा पडला. त्याने तो अंगठ्याने पसरला. कडेला पिवळं. हळद! आमचे आप्पा दर दसऱ्याला चावीला हळदकुंकू लावायचे आणि तीच चावी तशीच आत घालून गाडी चालू करायचे. त्याआधी बिजागऱ्या, कड्या आणि लॉक या सगळ्यांना तेल. नऊ दसऱ्यांचं लेपण बसलं होतं. पत्र्यांच्या इवल्या स्प्रिंगा त्यात हलणार कशा? वर जुडग्यात गोडाऊनची, घरची, ट्रॅक्टरची चावी आणि पितळेचा खंडोबा. एवढं वजन पिंपळगाव ते वाशी हिंदकळत असेल तर चावी आणि पत्र्या दोन्ही झिजणार.

तेव्हा लॉकमध्ये तेल घालायचं नाही. तेल धूळ धरतं. कॉन्टॅक्ट क्लीनरचा (विजेचे जोड साफ करायचा स्प्रे) फवारा मारून घाण बाहेर काढा, सुकू द्या, मग ग्रॅफाइटची पूड. नसेल तर पोराची शिसपेन्सिल चावीवर घासा आणि वीसेक वेळा आत-बाहेर करा. घरात कंपनीची दुसरी, न वापरलेली चावी असेल तर ती आधी घालून बघा. नकलेची नक्कल काढलेली असेल तर दोष लॉकचा नसून चावीचाही असू शकतो. पूजा करा, चावी पुसून घाला.

बटणाचं म्हणाल, तर गाडी चोराला सोपी होते हे सोडा. मिस्त्रीने बॅरल फोडलं आणि तो खटका आतच ठेवला, तर तो कधी खाचेत उतरेल ते सांगता येत नाही. वळणावर उतरला तर? लॉक खरंच गेलं असेल तर अख्खं काढून चावीसकट नवीन बसवा. आधी बॅटरीची वायर सोडा. लॉक ज्या बोल्टांनी स्टिअरिंगच्या नळीला धरलेलं असतं त्यांची डोकी आवळतानाच तुटतात, चोराला पाना लागू नये म्हणून. ते ड्रिल करून किंवा छिन्नीने उलटे फिरवून काढावे लागतात. घाईच्या मिस्त्रीला हे नको असतं.

जॅकबद्दल एक सांगायचं राहिलं. उतारावर भरली गाडी जॅकवर घेणं हा मूर्खपणाच, आमचं नशीब बरं होतं. तुमची रिकामी असली तरी उतारावर जॅक नको, कोणाला तरी दोर लावून गाडी बोटभर मागे ओढायला सांगा, काम तेवढ्यावर होतं. आणि झिजलेल्या लॉकमधून चालू गाडीत चावी आपोआप बाहेर येऊ शकते, जुनं डिझेल इंजिन मात्र चालूच राहतं. अशा वेळी चावी बंदच्या बाजूला फिरली तर खटका उतरून स्टिअरिंग जाम होऊ शकतं. म्हणून घाटात त्या चावीला हात लावू नका.

चावी फिरते पण सेल्फ लागत नाही अशी तक्रार असेल, तर वरचं सगळं विसरा, लॉकच्या मागचा स्विच बघा. चावी फिरूनही स्टिअरिंग जडच असेल तर खालचा जॉइंट किंवा स्टिअरिंग बॉक्स.

मिस्त्रीला पाचशे देण्याआधी एकदा चाक मोकळं करून बघा आणि काय झालं ते इथे लिहा. आप्पांना दाखवायचं आहे.